हात नवे काम शिकतात, छाती जुने विसरत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत एके काळी गल्लीगल्लीतून हिमरूच्या मागांचा आवाज येई. सुताचा ताणा, रेशमाचा बाणा, खाली धोटा फेकणारा विणकर आणि नक्षीचे धागे वर ओढून धरायला मागावर बसलेला एखादा पोरगा. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ही विद्या इथे रुजवली, असे सांगितले जाते. आज शहरात हातमागावर हिमरू विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बाकीचे हात कुठे गेले? कुणी रिक्षाच्या हँडलवर, कुणी फरशीच्या कामावर, कुणी चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले, आणि या शहराने एका पिढीत आपला धंदा बदलला.

धंदा बदलणे ही मराठवाड्यात नवलाची गोष्ट नाही. दुष्काळात कोरडवाहू शेतकरी ऊसतोडीला जातो, तिथून परतल्यावर वीटभट्टीवर, मग गवंड्याच्या हाताखाली, पुढे एखाद्या कारखान्यात कंत्राटी हेल्पर. सुशिक्षित माणसाने चाळिशीत नोकरीचे क्षेत्र बदलले की त्याला ‘करिअर चेंज’ म्हणतात. त्यासाठी सल्लागार असतात, पुस्तके असतात, घरात महिनाभर चर्चा चालते. हातावर पोट असलेल्याचे काम मात्र ‘उद्यापासून ये’ एवढ्या दोन शब्दांत बदलते. त्याच्या शरीराला हे कुणी विचारत नाही. वास्तविक सगळा फरक पडतो तो शरीरालाच.

हा विषय वैद्यकाला नवा नाही. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. त्यांच्या घरचा मैलाखड्डा साफ करायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करताना त्यांना दिसला. इतकी घाई कशाला, असे विचारल्यावर कळले, की त्या खड्ड्यात जास्त वेळ थांबले तर डोळ्यांची आग होते, आणि या कामातली माणसे हळूहळू आंधळी होतात. रामाझिनींनी मग गवंडी, कुंभार, विणकर, खाणकामगार अशा कितीतरी कारागिरांकडे जाऊन त्यांचे आजार नोंदवले आणि १७०० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस?

तीनशे वर्षांनी वाळूजच्या कामगारापुढे बसलेल्या डॉक्टरला हा एक प्रश्न पुरत नाही. ‘आणि त्याआधी काय करत होतास?’ हेही विचारावे लागते. त्याची कारणे तीन ठिकाणी सापडतात: मेंदूत, स्नायू-कंडरांत आणि फुप्फुसात.

बोटांची स्मरणशक्ती

आधी चांगली बातमी. ‘आता या वयात हात वळणार नाही’ ही समजूत पूर्ण खरी नाही.

हाताचे कौशल्य मेंदूत जिथे साठते ती जागा नावे, चेहरे, तारखा लक्षात ठेवण्याच्या जागेहून वेगळी आहे. हे कळले एका दुर्दैवी रुग्णामुळे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवी कोणतीच गोष्ट लक्षात राहत नसे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम कुणालाही आधी अवघडच जाते. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. पण आपण हे पूर्वी कधी केले आहे, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. माणूस विसरला होता, हात विसरला नव्हता. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने स्मरणशक्तीच्या अभ्यासाची दिशाच बदलली. म्हणूनच पंचवीस वर्षांनी मागावर बसलेल्या जुन्या विणकराचा धोटा पहिल्या काही फेऱ्यांतच लयीत येतो.

नव्या कामाचे काय? जर्मनीत २००४ मध्ये काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवले. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा हालचाल टिपणाऱ्या भागातले करडे द्रव्य वाढलेले दिसले. सराव सोडल्यावर ते पुन्हा ओसरले. २००८ मध्ये हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर केला. तरुणांइतकी सफाई फार थोड्यांना साधली, पण ज्यांनी सराव केला त्यांच्या मेंदूतही बदल दिसला. चाळिशीतला गवंडी टर्नरचे काम शिकू शकतो. वेळ थोडा जास्त लागतो, आणि नेमका तोच त्याला दिला जात नाही.

जुने कौशल्य नव्या कामाला हातभारही लावते. वर्षानुवर्षे तुटका धागा अंधुक उजेडात शोधणाऱ्या माणसाला मापातली केसभर चूक चटकन दिसते. सुताराला वेल्डिंगचा सांधा कुठे ओढला जाईल याचा अंदाज असतो. लाकूड काय, लोखंड काय, वस्तू वाकडी कशी होते हे त्याने पाहिलेले असते. शिंप्याला पत्र्यावरची आखणी जड जात नाही. चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत किंवा आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांनी शिकणाऱ्याचे पूर्वीचे काम विचारले, तर धड्यांचा निम्मा भाग सोपा होईल. पण आपल्याकडे प्रशिक्षणाचा नमुना अठरा वर्षांच्या कोऱ्या पाटीसाठी आखलेला असतो.

जुनी सवय आणि नवे यंत्र

आता उलट बाजू. जे कौशल्य मदत करते, तेच घातही करते.

मागावर धागा तुटला की विणकराचा हात विचार न करता तिकडे झेपावतो. ही झेप त्याच्या कसबाचाच भाग आहे. तिच्याशिवाय तलम कापड निघणार नाही. आता तोच माणूस प्रेस मशीनसमोर उभा आहे. डायमध्ये ठेवलेला पत्रा किंचित सरकला, आणि हात झेपावला. मागाने माफ केले असते, प्रेस करत नाही. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत बोटे गमावण्याच्या घटना देशभर प्रेस मशीनवरच मोठ्या संख्येने होतात. या यंत्रांवर दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागणारी दोन बटणे बसवतात, ती याचसाठी. दोन्ही तळवे बटणांवर असले की झेपावायला हातच मोकळा राहत नाही. उत्पादनाच्या घाईत त्यातले एक बटण दाबून बांधून ठेवले जाते, तेव्हा यंत्राच्या सुरक्षेचाच नव्हे, तर मेंदूतल्या जुन्या सवयीला घातलेला बांधही तुटतो.

मानसशास्त्रात या प्रकाराला जुन्या शिकवणीची नव्याला होणारी आडकाठी म्हणतात. शांतपणे काम चालू असताना माणूस नवी पद्धत पाळतो. गडबड झाली, कुणी ओरडले, पाळी संपत आली, की शरीर जुन्या वळणावर जाते. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर घडलेली बाई मोटारीच्या मशीनवर बसली की पहिले काही दिवस तिचा पाय जास्त दाब देतो, एवढ्यावर ते निभावते. इतर ठिकाणी निभावत नाही.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या कामगारांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक ठळक गोष्ट दिसली. नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात, काम बुडेल इतकी दुखापत होण्याचा धोका वर्षाहून अधिक अनुभव असलेल्यांच्या तिपटीपेक्षा जास्त होता. आणि हा धोका केवळ तरुणांपुरता नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा, हाताला घट्टे पडलेला माणूस नव्या कामात पहिल्या महिन्यात तितकाच नवखा असतो. त्याच्याकडे पाहून ते वाटत नाही, एवढाच फरक. ‘अनुभवी माणूस आहे, सांगावे लागणार नाही’ असे म्हणून सुपरवायझर त्याला तरुण पोरापेक्षा कमी सूचना देतो. आणि काल उस्ताद असलेला माणूस आज विचारायला लाजतो. हेल्पर म्हणून उभे राहणे हीच त्याला मोठी शिक्षा असते. त्यात पुन्हा वीस वर्षांच्या मुलाला ‘हे कसे करायचे’ विचारायचे! अपघाताच्या कारणांच्या रकान्यात हे कधी लिहिले जात नाही.

स्नायू पुढे, कंडरा मागे

हिमरूचा किंवा पैठणीचा विणकर बसून काम करतो. कंबर वाकलेली, मान पुढे, पाय पावड्यांवर. त्याच्या पाठीचे, खांद्याचे, डोळ्यांचे दुखणे त्या बैठकीचे असते. कारखान्यात आल्यावर आठ तास उभे राहायचे. पोटऱ्या भरून येतात, टाचा दुखतात, पायांच्या शिरा फुगतात. पहिल्या पंधरा दिवसांत हे होणारच. बुटात मऊ तळ आणि अधूनमधून पाय टेकायला चौरंगासारखी उंची मिळाली तरी त्रास निम्मा होतो. हे सामान्य झाले.

फसवणूक होते ती सहाव्या-आठव्या आठवड्यात. स्नायू लवकर तयार होतो. काही आठवड्यांत जोर वाढतो आणि माणसाला वाटते, जमले. पण स्नायू हाडाला बांधणारी कंडरा फार सावकाश जुळवून घेते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोठ्या युक्तीने दाखवले. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला होता, मग उतरत गेला. शरीराचा कोणता भाग कोणत्या वर्षी तयार झाला, हे त्या कार्बनच्या प्रमाणावरून ओळखता येते. टाचेच्या मोठ्या कंडरेचा गाभा तपासला तर तो साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडलेला निघाला. त्यानंतर त्यात फारशी भरच पडलेली नव्हती. म्हणजे चाळिशीतला माणूस नव्या कामाला मिसरूड फुटतानाची कंडरा घेऊन जातो. ती मजबूत असते, पण दिवसाला चार हजार वेळा मनगट पिळायला एका महिन्यात तयार होत नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ, कोपराच्या बाहेर दुखणे, रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येणे ही लक्षणे याच काळात सुरू होतात. यावर मलम चोळून त्याच वेगाने काम चालू ठेवले, तर महिन्याचे दुखणे वर्षाचे होते.

उष्णतेचेही असेच. शेतात राबलेल्याला ऊन नवे नाही म्हणून त्याला भट्टीजवळ उभे करतात. पण उन्हाची सवय भट्टीच्या तापाला पूर्ण लागू पडत नाही. शेतात सावलीत जाता येते, वारा असतो, दुपारी काम थांबते. शरीराला नव्या उष्णतेशी जुळायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी कमी धावते. अमेरिकेतील नायॉश ही व्यवसाय-आरोग्य संस्था म्हणते, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी तापात पाळीच्या २० टक्केच वेळ ठेवावे आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. म्हणजे पूर्ण पाळी पाचव्या दिवशी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो त्या शहरात, कंत्राटी माणसाला पहिल्या दिवशी पाळीच्या पाचव्या हिश्शाइतके काम देणारा ठेकेदार शोधावा लागेल.

ओट्याचा दगड

मात्र सर्वांत गंभीर गोष्ट फुप्फुसाची आहे, आणि ती समजून घ्यायला मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही. इथली भूमीच दगडाची आहे.

वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले, तो बेसॉल्ट. पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने हाच दगड फोडला, घडवला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावली. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाचे नाव घेतले, की राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणी आठवतात. तिथे हा रोग इतका पसरला, की राज्याला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. बेसॉल्टच्या प्रदेशात तो तसा का ऐकू येत नाही? कारण रसायनात आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका जवळपास निम्मी असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली असते. फुप्फुसाला घातक ती मोकळी, स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ. वालुकाश्म बहुतांशी तिचाच बनलेला. बेसॉल्टमध्ये ती अगदी थोडी. अजिंठ्याच्या डोंगररांगांत बेसॉल्टच्या पोकळ्यांत चकाकणारे स्फटिक सापडतात, त्यांत क्वार्ट्झही असते, त्यामुळे बेसॉल्टची धूळ निर्धोक आहे असे कुणी समजू नये. खडी क्रशरच्या धुळीने खोकला, दमा होतोच. पण वालुकाश्मासारखा जिवावरचा धोका त्यात नाही.

आता या दगडफोड्याचा मुलगा काय करतो ते पाहा. तो फरशी बसवतो, स्वयंपाकघराचे ओटे बांधतो. धंदा जवळचाच, दगड तोच, असे त्याला वाटते. दगड तो नसतो. मराठवाड्यातल्या घरांच्या जमिनीवर आधी शहाबादी फरशी होती, ओट्यावर कडप्पा आला. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, त्यात क्वार्ट्झ तुलनेने कमी. मग ग्रॅनाइट आला. त्यात क्वार्ट्झ साधारण एकतृतीयांशाच्या आसपास. आणि गेल्या काही वर्षांत नव्या फ्लॅटमध्ये पांढराशुभ्र, डाग न पडणारा ‘क्वार्ट्झ टॉप’ दिसू लागला. हा खाणीतला दगडच नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेली लादी. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांहून जास्त असू शकते. म्हणजे ओट्याची फॅशन जसजशी बदलत गेली, तसतशी तो कापणाऱ्याच्या नाकासमोरची धूळ विषारी होत गेली. हत्यारही बदलले. छिन्नीचे मोठे कण खाली पडतात; इलेक्ट्रिक कटर इतकी बारीक धूळ उडवतो, की ती तासन्‌तास हवेत तरंगते.

या कणांचा आकार मायक्रोनमध्ये मोजतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोन जाड असतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारा कण चार-पाच मायक्रोनचा. तिथे गस्त घालणाऱ्या पेशी त्याला जिवाणू समजून गिळतात. जिवाणू पचतो, क्वार्ट्झ पचत नाही. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या झटापटीत फुप्फुसात जखमेच्या वणासारखे तंतू वाढत जातात आणि स्पंजासारखे फुप्फुस कडक होते. नुकत्याच फुटलेल्या क्वार्ट्झच्या कडा अधिक घातक असतात, त्यामुळे कापणारा माणूस शेजारी झाडू मारणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही; तो फक्त काळा होतो आणि माणसाला आपण काळजी घेतल्याचे समाधान देतो.

स्पेन, इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया या देशांत असे कृत्रिम दगड कापणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे आढळले. पूर्वी ज्याला वीस वर्षे लागत, तो रोग दहा वर्षांच्या आत दिसू लागला. काहींना फुप्फुस बदलण्याखेरीज इलाज उरला नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लाद्यांवर बंदी घातली. जगातली ती पहिली.

धंदा बदलण्याशी याचा संबंध दुहेरी आहे. एक तर, ‘जवळचा’ धंदा निवडताना धोका वाढतो हे कळत नाही. खडी फोडणारा वाहनउद्योगासाठी कास्टिंग करणाऱ्या फाउंड्रीत जातो. डोक्यावरचे ऊन गेले, पगार महिन्याला मिळू लागला. पण साच्याची वाळू ही क्वार्ट्झचीच असते. कास्टिंग साच्यातून झटकून काढताना आणि घासून साफ करताना जी धूळ उडते, ती त्याच्या जुन्या बेसॉल्टच्या धुळीपेक्षा वाईट. कागदावर ही बढती आहे.

दुसरे म्हणजे, धुळीचे काम सोडले तरी सिलिकोसिस थांबत नाही. आत गेलेले कण आतच राहतात आणि त्यांचे काम चालू ठेवतात. ओटे कापायचे सोडून रिक्षा चालवू लागलेल्या माणसाला पाच वर्षांनी जिना चढताना धाप लागते. डॉक्टर विचारतात, काय करता? तो म्हणतो, रिक्षा. एक्स-रेत वरच्या भागात डाग दिसतात आणि क्षयाचे औषध सुरू होते. पुष्कळदा क्षय असतोही, कारण सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो. पण नसला तर सहा महिन्यांची औषधे व्यर्थ जातात आणि खरा रोग पुढे सरकतो. ‘त्याआधी काय करत होतास?’ या प्रश्नाची किंमत इथे कळते.

कान आणि कातडी

कानाचा हिशेबही एका धंद्याकडून दुसऱ्याकडे वर्ग होतो. आपल्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. कित्येक देश ८५ ची पाळतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा प्रेस शॉपमध्ये आवाज त्यापुढे सहज जातो. त्यात आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. गप्पा ऐकू येत राहतात, त्यामुळे माणसाला कळत नाही. फक्त ‘स’, ‘श’, ‘च’ अशी अक्षरे पुसट होतात आणि नातवंडे पुटपुटतात असे वाटू लागते. अशा कानाने माणूस दुसऱ्या गोंगाटाच्या कामावर जातो, तेव्हा त्याला मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टची सूचना ऐकू येत नाही. आणि भरपाईचा प्रश्न आला, की दोन्ही मालक एकमेकांकडे बोट दाखवतात.

कातडीचे गणित थोडे गमतीचे आहे. सिमेंटमध्ये अत्यल्प प्रमाणात क्रोमियम असते. त्याची अॅलर्जी झालेल्या गवंड्याचे हात फुटतात, खाज सुटते, रक्त येते. तो कंटाळून चपला-बूट शिवायच्या कामाला लागतो, आणि हात पुन्हा फुटतात. कारण चामडे कमावण्यातही क्रोमियमच वापरतात. अॅलर्जी एकदा झाली की बहुधा जन्मभराची, त्यामुळे धंदा बदलताना पदार्थ कोणता टाळायचा हे माहीत असावे लागते. चामड्याऐवजी लाकूडकाम चालले असते. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून हा त्रास खूप कमी केला. खर्च किरकोळ होता.

व्यवसायाच्या रकान्यात

काम बदलणाऱ्याने नेमके काय करावे? सोप्या गोष्टी आहेत. धुळीच्या किंवा गोंगाटाच्या नव्या कामावर जाण्याआधी छातीचा एक्स-रे, श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि कानाची ऑडिओमेट्री करून घ्यावी, कागद जपून ठेवावेत. पुढे बिघाड झाला तर तो आधीचा की नंतरचा, हे ठरवायला दुसरा पुरावा नसतो. दगड कापताना पाणी सोडून ओले कापावे. धूळ उडण्याआधीच बसते, आणि कोणत्याही मास्कपेक्षा हा उपाय मोठा. त्यावर एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. दाढीवर तो नीट बसत नाही. प्रेसवरचे दुसरे बटण कुणी बांधलेले दिसले तर ते सोडून घ्यावे. ईएसआयचा विमा क्रमांक नोकरी बदलली तरी एकच चालू ठेवावा. प्रत्येक ठेकेदाराकडे नवा काढला की जुने उपचार, जुने हप्ते मागे राहतात.

एक अडचण मात्र कामगाराच्या हातातली नाही. सिलिकोसिससारखा रोग नोकरी सोडल्यावर उद्भवला तरी तो कामाचाच मानण्याची आणि माणसाने अनेक मालकांकडे काम केले असेल तर भरपाईचा भार त्यांच्यात वाटण्याची तरतूद नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे. त्यासाठी कुठे, किती वर्षे काम केले हे दाखवावे लागते. ओटे कापणारी तीन-चार माणसांची दुकाने कारखान्यांच्या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे हजेरीपत्रक नसते, पगाराची चिठ्ठी नसते, कधी दुकानाला पाटीही नसते. तपासणीच्या आधी आजार सांगावा तर नवे कामही हातचे जाईल, ही भीती वेगळीच. फिट असल्याचा दाखला आणणे कामाची अट असते. त्यामुळे जो कागद कामगाराला वाचवण्यासाठी आहे, त्याच्यावर तोच खोटे बोलतो.

घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग असते. अशा कुठल्याही शासकीय रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता आणि व्यवसाय लिहायला जागा ठेवलेली असते. घाईत त्या शेवटच्या जागी बहुतेकांच्या नावापुढे एकच शब्द पडतो, ‘मजुरी’. विणकर, वडार, ओटे कापणारा, फाउंड्रीतला, रिक्षावाला, सगळे त्यातच. नातेवाइकांनी रांगेत उभे असतानाच एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून ठेवल्या, कोणते काम, कुठे, किती वर्षे, आणि ती चिठ्ठी केसपेपरला टाचली, तर डॉक्टरची पाच मिनिटे वाचतात. मागच्या बाजूला कोणता दगड, हेही लिहावे.